सरदारबीचा हात

जालन्याच्या जिनिंगात दिवेलागणीला डायनॅमो सुरू झाला की सरदारबी डबा घेऊन हजर. निजामाचा अंमल, बाकीच्या बाया पडद्यात, आणि ही खुशाल इंजिनघरात नवऱ्याला खेटून उभी. गल्लीला बोलायला एवढं कारण पुरे की! शेजारची नंदाबाई हटकायचीच, "काय सरदारबी, मिस्त्रीला नजरेआड करवत न्हाई वाटतं?"

"मशीन मेरी सवत है, बाई. नजर रखनी पडती," म्हणून ती हसत पुढं.

खरी गोष्ट वेगळीच होती. डायनॅमोतली तारेची गुंडाळी चालून चालून तापते. तापली की तिच्यातून वीज कमी जाते आणि जिनातले दिवे मंदावतात. मंग मिस्त्रीनं हँडल बेताबेतानं फिरवून ती तूट भरायची. जास्त फिरलं की दिवे फुटले! मीटरचा काटा कधीच मेलेला. हळूहळू मंदावणाऱ्या दिव्याला डोळा फसतो, म्हणून बदरोद्दीन मिस्त्री गुंडाळीवर हात ठेवून अंदाज घ्यायचा. एकदा वाफेनं दोन्ही हात भाजले. कातडी परत आली, जाणीव आली न्हाई. नोकरी जाईल म्हणून त्यानं ते बायकोशिवाय कुणाला कळू दिलं न्हाई. तेव्हापासून गुंडाळीवर हात सरदारबीचा.

"कैसा है?"

"दूध विरजने जैसा."

हँडल जरासं फिरायचं. घटकाभरानं, "अब चाय के प्याले जैसा." आणखी थोडं. बारा वर्षांत एक दिवा फुटला न्हाई. जिनाचे शेट मिस्त्रीच्या हाताची तारीफ करायचे.

त्या हंगामात ती तापानं पडली. तिसऱ्या दिवशी बदरोद्दीन उशाशी बसला, कपाळावर हात ठेवला. हाताला काय कळणार?

"कैसा है?" सवयीनं तोंडातून गेलं.

"थंडा. बिलकुल थंडा. जाव जल्दी, दिवे लगाने का वखत हुआ."

तो गेला. गाल टेकवून पाहिला असता तर ताप किती चढलाय ते कळलं असतं. पण तिचं माप कधी चुकलंच नव्हतं.

दिवे लागले न लागले तोच नंदाबाई इंजिनघराच्या दारात. एवढी तोंडाळ बाई, पण "मिस्त्री, चला" एवढंच म्हणाली.

तिच्या कबरीवर तिसऱ्या दिवसाची जियारत उरकून तो शेटपुढं उभा राहिला. "शेट, माझ्या हाताला काही कळत न्हाई. बारा वर्षं झाली."

"मंग हँडल काय भूत फिरवत होतं?"

"फिरवत मीच होतो. सांगत ती होती."

शेटनं पेटती विडी त्याच्या तळहाताजवळ नेली. आणखी जवळ नेली. हात हलला न्हाई. शेटनंच विडी मागं घेतली. बदरोद्दीननं इंजिनघराची किल्ली आपणहून गादीवर ठेवली.