तवा न ठेवलेला बुधवार

पास्ता मी आयुष्यात पहिल्यांदा केला तो रागाच्या भरात.

आई उन्हाळ्यात गेली. पावसाळाभर बाबा हट्ट्याला, आमच्या गावच्या घरी एकटे राहिले आणि पोळा झाल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढूनच हिंगोलीला माझ्याकडे आणलं. माझा नवरा नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात असतो, शनिवारी येतो. मुलगी पुण्याला शिकते. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस घरात मी आणि बाबा, दोघंच. मला वाटलं, बाबांना सोबत होईल. खरं सांगायचं तर मलाही सोबत हवी होती.

झालं भलतंच. बाबांचं जेवण दिवसेंदिवस कमी व्हायला लागलं. दोन भाकरींची दीड झाली, मग एक, मग ‘अर्धीच दे’. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, काही नाही, वय आहे. मी भाज्या बदलून पाहिल्या, ठेचा करून पाहिला. उत्तर एकच, ‘भूक न्हाई’. आणि दसऱ्यानंतरच्या एका मंगळवारी मी भाकरी थापत असताना ते मागून म्हणाले, “ऐतवारी गावाकडं जातो म्हणतो. सोयाबीन काढणीला आलं.”

“शेत बटईनं दिलंय ना बाबा? मग तुमी काय करणार तिथं?”

“बघाया तं पाह्यजे.”

मी परात ओट्यावर आपटली. माझा स्वभावच तसा आहे, तोंड बंद ठेवलं की माझी भांडी बोलायला लागतात. गावात काय होणार ते मला दिसत होतं. सकाळी कुणी करून दिलेली भाकरी संध्याकाळी दुधात कुस्करून खायची, नाहीतर तशीच झोपायचं, आणि एक दिवस मला शेजाऱ्यांचा फोन येणार. त्या फोनची मला भीती वाटत होती. भीती वाटली की मला राग येतो.

बुधवारी ऑफिसातून निघतानाच ठरवलं, आज भाकरी करायचीच नाही. खायचीच नसेल तर मी पीठ मळू कशाला? मुलीनं सुट्टीत आणलेलं पास्त्याचं पाकीट डब्यात पडून होतं. बाजारातून लाल भोपळ्याची फाक, दोन दोडके, शिमला मिरची आणि टोमॅटो घेतले. दसरा सरला की आमच्याकडे दिवसभर ऊन भाजून काढतं आणि सूर्य कलला की एकदम गार पडतं. अशा वेळी काहीतरी ऊनऊन, दाटसर पोटात जावंसं वाटतं. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, पास्ता वेगळा उकड, पाणी काढून टाक, पण वाटीभर राखून ठेव. भाज्या वेगळ्या परत, भोपळा मऊ शिजला की डावानं घोट, त्याचाच रस्सा होतो. मी सगळं तसंच केलं. फक्त लसूण तिनं सांगितला त्याच्या चौपट घातला, आणि आमच्या शेतातली हळद घातली, कारण हळदीशिवाय फोडणी पुरी झाल्यासारखी मला वाटतच नाही. शेवटी थोडा काळा मसाला आणि शेंगदाण्याचा कूट. मुलीनं हे ऐकलं असतं तर फोन ठेवून दिला असता.

बाबांना ताट वाढलं, बाजूला कांदा फोडून ठेवला. त्यांनी पास्त्याची एक नळी बोटांत धरली आणि उजेडाकडे करून पाहिली.

“हे शेंगोळे व्हय?”

“तसंच समजा.”

“तुह्या मायचे असे पोकळ नव्हते,” ते म्हणाले आणि खायला लागले.

मी ओट्याशी उभी राहिले. भाकरीचं जेवण असंच असतं. एकानं खाली बसायचं, दुसरीनं तव्यापाशी उभं राहायचं, ताटातली संपत आली की पुढची फुगलेली हजर पाहिजे. आमच्या घरात कायम हेच चालत आलं. दोनतीन मिनिटं गेली. बाबांनी वर पाहिलं.

“काहून उभी हायेस?”

“तुमी जेवा ना.”

“तव्यावर तं काईच न्हाई.”

तवा ठेवलाच नव्हता. गॅस बंद होता. थापायचं, भाजायचं, उलटायचं काहीही उरलं नव्हतं आणि तरी मी हातात उलथनं घेऊन उभी होते. मला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.

बाबांनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेताना डावभर माझ्या ताटातही वाढलं. त्यांनी कुणाला काही वाढलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी जरा खोचकपणेच विचारलं, “आज कुठून आली भूक?”

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, “तू थकून येतीस अन् माझ्यापायी उभी राहतीस. मला घास उतरत न्हाई. म्या कमी खाल्लं तं तू लवकर बसशील.”

महिनाभर मी त्यांची भूक शोधत फिरत होते आणि हा माणूस माझी एकेका भाकरीची तकलीफ वाचवत होता. मला रडू येत होतं, पण आधी रागच बाहेर पडला. हे तोंडानं सांगता येत नव्हतं का, असं मी विचारलं.

“सांगितलं असतं तं ऐकली असतीस?”

ते बराबर होतं. मी ऐकलं नसतं.

रविवारी बाबा गावाला गेले नाहीत. आता आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी आमच्याकडे एकाच कढईतलं जेवण असतं, कधी पास्ता, कधी वरणफळं, कधी खिचडी. भोपळा तेच चिरतात, फोडी लहानमोठ्या होतात, मी काही म्हणत नाही. ओटा आवरून दोघं एकदमच बसतो. त्यांची दोन्ही गालफडं जरा भरून आली आहेत आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

गेल्या बुधवारी असेच जेवत होतो. बाबा बराच वेळ माझ्या ताटाकडे बघत होते. मग म्हणाले, “तुही माय जेवायची कशी, मला आठवत न्हाई. म्या उठायचो, हात धुवायचो, बाहेर जायचो. मागून ती काय खायची, किती खायची, कधी पाह्यलंच न्हाई.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “काय आवडायचं गं तिला?”

टोमणा जिभेवर तयार होता. इतकी वर्षं काय करत होतात, असं मी म्हणणारच होते. त्याआधी उत्तर द्यावं म्हणून आठवायला लागले, मी तिची मुलगी, मला ठाऊक असणारच. आंबा? फोडी आम्हाला असायच्या, ती कोय चोखायची. मटण? तिच्या ताटात रस्सा असायचा. शेंगोळे? खरवडून काढलेले, पातेल्याच्या तळाचे. तिच्या ताटात यायचं ते आमच्यातून उरलेलं, आणि ते यायचं तेव्हा मी जेवून बाहेर खेळत असायची, पुढे अभ्यास करत असायची, आणखी पुढे माहेरपणाला आलेली लेक म्हणून आडवी झालेली असायची.

बाबा उत्तराची वाट बघत होते.

“मला बी म्हाईत न्हाई, बाबा,” मी म्हणाले.