दोरीला लागलेले डोके

बसवंतअप्पा गेल्याचे मला त्याच्या मुलाने, महादेवने, परंड्याहून फोनवर कळवले. "काका, अप्पा लिंगैक्य झाले. सकाळी पूजेला बसले ते उठलेच न्हाईत." मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत लोक जे बोलले आणि जे छापून आले, ते मात्र शब्दन्‌शब्द आठवते. कारण त्यातले बहुतेक चूक आहे.

परंड्याच्या मुलांच्या हॉकी स्पर्धेचा इतिहास सांगणाऱ्यांची सध्या गावात कमतरता नाही. कोणी म्हणतो, ती तहसीलदारांनी सुरू केली. साफ खोटे. तहसीलदारसाहेब विजेत्यांना पेला द्यायला येत, एवढेच. स्पर्धा उभी केली ती आमच्या उर्दू शाळेच्या ड्रिल मास्तरांनी. कोणी लिहितो, काठ्या हैदराबादहून येत. पहिली काही वर्षे त्या सोनारीच्या रानातल्या बाभळीच्या होत्या आणि त्या तासणाऱ्यांत मी होतो. अशा प्रत्येक चुकीवर मी संपादकांना पत्रे लिहिली, स्मरणिका काढणाऱ्यांशी भांडलो. एका चुकीवर मात्र आयुष्यभर गप्प राहिलो... कारण ती मीच रुजवली होती.

त्या काळी जन्मतारीख कोणाच्या घरी लिहिलेली नसे, म्हणून मुलांचे वय दोरीने ठरे. सामन्याआधी मास्तर मैदानाच्या कडेच्या दोन निंबांना आडवी दोरी बांधत आणि दोन्ही संघ एका रांगेत, ताठ मानेने, तिच्याखालून जात. ज्याचे डोके दोरीला लागेल तो मोठा. त्याने आपण होऊन बाजूला व्हायचे. जो लपवील तो लबाड. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांतला तो अंतिम सामना, भूमच्या संघाशी. त्या उन्हाळ्यात मी झपाट्याने वाढलो होतो. बसवंत माझा जिवलग, माझ्याहून दोन बोटे बुटका, रांगेत माझ्या मागेच होता. दोरी माझ्या केसांना लागली, चांगली थरथरली. मास्तर तहसीलदारांशी बोलत होते, ते वळले. "किसका सर लगा रे?" मी एक पाऊल पुढे गेलो होतो, हलत्या दोरीखाली आता बसवंत होता. मी मागे बोट दाखवले. "बसवंतचं, मास्तरसाब."

बसवंत माझ्याकडे बघत राहिला. "व्हय रे?" एवढेच म्हणाला. मास्तरांनी पुन्हा न मोजताच त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढले, सगळ्या गावासमोर लबाड म्हटले. तो सामना आम्ही जिंकलो आणि गोल माझा होता. मैदानावरच्या फलकावर माझे नाव आजही आहे.

पुढे बसवंतने वडिलांचे कापडाचे दुकान चालवले. कापड मोजायला त्याने गज उचलला की एखादे गिऱ्हाईक हमखास म्हणे, "अप्पा, नीट धरा, दोरी न्हाय ती!" सगळे हसत. मीही त्या दुकानात बसून हसलो आहे. दोघांनीही पन्नाशी ओलांडल्यावर एकदा, दुकानात कोणी नसताना, मी त्याला विचारले, "तू खरं कुणाला सांगितलं का न्हाईस?" तो ठाण गुंडाळत होता. म्हणाला, "म्या सांगून कोण मानतंय? ज्याचं डोकं लागलं त्यानं सांगावं. तू तर पेपरात लई पत्रं लिवतोस की."

मी लिहिले नाही.

परंड्यात झालेल्या बसवंतच्या शोकसभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तीच गोष्ट रंगवून सांगितली. दोरीखालून निसटू पाहणारा खट्याळ बसवंत, आणि चिंचेच्या दोन झाडांना बांधलेली दोरी... लोक मायेने हसले. समोर बसलेल्या महादेवने मान खाली घातली. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि ठणकावून सांगितले, की ती झाडे चिंचेची नव्हती, निंबाची होती. आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. रिकाम्या हाताने काय बसायचे, म्हणून सदऱ्याचे कापड मागितले. महादेवने दोन मीटर मोजले आणि त्यापुढे चार बोटे सोडून कात्री टेकवली.

"हे जास्तीचं कशाला?"

"अप्पांनी घालून दिलंय, काका. आपल्या मापाला कुणी नाव ठेवू नये, म्हणायचे. दुसरं कोणतंच दुकान असं करत न्हाय. का, ते कधी सांगितलं न्हाई त्यांनी."

तिथेच उभ्या उभ्या मी त्याला सांगितले. आज इथे सांगतो आहे तेच, आणि ज्यांना माझ्याशी वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा: डोके माझे लागले होते. फलकावरचे माझे नाव खोडावे, असे पत्र मी स्पर्धेच्या समितीला दिले आहे.

बाहेर कुर्डुवाडीची बस लागली होती, सगळे ऐकून महादेव तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कापड पुन्हा ताणून धरले आणि कात्री चालवली... चार बोटे पुढूनच.