चमचा हलला नाही

कोयनानगरला आमच्या स्वयंपाकघरात वाशाला दोऱ्यानं एक पितळी चमचा टांगलाय. जमीन हलली की तो डुलायला लागतो. मग आई चुलीवरचं दूध उतरवायची, माझे वडील, आबा, दार उघडायचे आणि आम्ही सगळे अंगणात. परत आत जाताना शेजाऱ्यांना एकच विचारायचं, "जाणवला का?" ते "व्हय" म्हणाले की बरं वाटायचं.

आई गेली आणि आठवीत माझी शाळा सुटली. आता मी मिरजेला एका दवाखान्यात वॉर्डात काम करते. वय लहान असलं तरी पेशंट मला मावशीच म्हणतात. माझ्या भाड्याच्या खोलीतही एक चमचा आहे. आधी तो पंख्याजवळ टांगला होता, तर दिवसभर भूकंपच. म्हणून मग कोपऱ्यातल्या खिळ्याला बांधला.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी कूस बदलली आणि खोली गरकन फिरली. भिंत धरत धरत बाहेर आले आणि जिन्यात ओरडले, "भूकंप! बाहेर या!" घरमालकीण काकू ब्रश तोंडात घेऊन आल्या. त्यांनी दारातल्या भरल्या बादलीकडं बोट दाखवलं. पाण्यावर साधी लहरसुद्धा नव्हती.

"कोयनेची पोरगी, भूकंप पिशवीतनं घेऊन आलीस का काय?"

मी आबांना फोन लावला. "आबा, हललं का?"

"न्हाई गं. चमचा जिथल्या तिथं हाय. तिकडं हललं व्हय?"

फोनमध्ये भूकंपाची सूचना देणारं ॲप आहे, तेही गप्प होतं. मला वाटलं, कोणालाच जाणवला नाही, मला एकटीलाच जाणवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. या वेळी मी पळाले नाही. डोळे मिटून कॉटचा दांडा धरला, फिरणं थांबल्यावर कोपऱ्यात पाहिलं. चमचा सरळ लटकलेला. खरा हादरा असता तर तो बराच वेळ डुलत राहिला असता. म्हणजे जमीन नाही, मीच.

मग जी भीती बसली ती बसलीच. रील्समध्ये एक जण सांगत होता, चक्कर अंगावर काढू नका. फोनमधल्या एआयला विचारलं, तर त्यानं न दमता यादी दिली, कान, रक्तदाब, मेंदू, आणि डॉक्टरांना दाखवा म्हणाला. मी मेंदूपाशीच अडकले. डोक्यात गाठ असलेल्या बायकांना मी वॉर्डात कूस बदलून दिलीय, अंग पुसून दिलंय. मला तसं काही निघालं तर इथं माझी कूस कोण बदलणार? आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. फक्त रोज सकाळी आबांना विचारायचे, "हललं का?" न जाणो, एखाद्या दिवशी "व्हय" म्हणतील.

शेवटी आमच्याच दवाखान्यातल्या कानाच्या बाईडॉक्टरांच्या दारात उभी राहिले. "मॅडम, एक विचारू?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटकन आडवं केलं. छत फिरायला लागलं. मी त्यांचा हात घट्ट पकडला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. थोडं थांबून मान दुसरीकडं, मग कुशीवर, मग उठवून बसवलं.

"कानात चुन्यासारखे बारीक कण असतात. तुझे जागचे सुटून भलत्या नळीत गेलेत. आता परत जागेवर जातील. मेंदूबिंदू काही नाही. आठवड्यानं दाखवून जा."

एवढंच? मला रडूच आलं. पाया पडायला वाकले, तर त्या ओरडल्या, "अगं, आत्ता वाकू नकोस!" त्यांचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरं झालं, पोरी. म्हंजे आता सकाळचा फोन न्हाई यायचा."

दुसऱ्या दिवशी मी हळूच कूस बदलली. खोली जागेवर होती. चमचाही. कितीतरी वेळ तशीच पडून राहिले. वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, तरी वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"काय न्हाई, चमचा बघत हुतो," आबा म्हणाले. "तिकडं हललं का?"

"न्हाई, आबा."

"इथंबी न्हाई."

त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.