नारळानं हात ओढला नाही

सावनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये माझा जन्म गेला. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या मशीनीवर. रोलरमध्ये कापसाचा बोळा अडकला की आधी मशीन बंद करायची, मग बोळा काढायचा, हे आम्हाला सांगितलेलं होतं. करत कोणीच नव्हतं. बंद केली की मागं ढीग लागे आणि मुकादम आईबहिणीवर येई. म्हणून चालत्या रोलरमधून बोटांनीच बोळा उपसायचा. ज्याला हे सफाईनं जमे तो उस्ताद. माझा जोडीदार सगळ्यांत मोठा उस्ताद. आमचा डबा एकत्र. त्याच्या घरची भाकर मी खाई, माझ्या घरची भाजी तो.

ऐन हंगामात रोलरनं त्याचा उजवा पंजा ओढून घेतला.

त्या दसऱ्याला मशीनीपुढं फोडलेला नारळ सडका निघाला होता. लोकांना तेवढं पुरलं; अपशकुन झाला म्हणाले. नवा नारळ फोडला, मशीन चालू. मालकालाही तेच बरं वाटलं. चौकशीला सरकारी साहेब आले, तर जो तो नशीब म्हणे.

मी शाळा फार पाहिली नाही, पण खोटं मला पचत नाही. मुकादमासमोरच म्हणालो, "नारळानं हात नाही ओढला साहेब. आम्ही सारेच चालत्या मशीनीत हात घालतो. ज्याचा गेला, त्याचंच पाहून शिकलो. बंद केली तर शिव्या पडतात."

मग जाळी बसली. ती उघडली की मशीन आपोआप बंद. शिव्याही थांबल्या. मी होतो तोवर तिथं कोणाचं बोटसुद्धा गेलं नाही. पण मी डबा उघडला की बाजूचे उठून जात. "आला बयानवाला," म्हणत. जोडीदाराची भरपाई काही बुडली नाही, तरी त्यानं बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता मी नागपूरला, महाल भागात एका खोलीत राहतो. बायको गेली, पोरगा पुण्याला. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा उठलो आणि एसटीनं सरळ जोडीदाराच्या दारात गेलो. तो खाटेवर उन्हाला बसला होता.

"काहून आला गा?"

"चहा प्याले आलो."

"नागपूरचा चहा संपला का?"

मी हसलो. तो हसला नाही.

"हात गेला तवा लोकं रडले," तो म्हणाला. "तू बोलला, अन् मंग हासले. म्हणे, कायचा उस्ताद!"

"अजून कोणाचा गेला असता ना बाप्पा."

"ते मले समजते. जाळी चांगलीच झाली. पण तू एकडाव म्हण, चुकलो. मंग ठेवतो चहा."

एक शब्द होता. त्यावर माझे उरलेले दिवस बरे गेले असते. पण तो शब्द म्हटला असता, तर साहेबासमोर बोललो ते काय होतं?

"नाही म्हणत," मी म्हणालो.

"मंग जाय."

डाव्या हातानं दार लोटून तो आत गेला. मी स्टँडवर आलो. नागपूरची गाडी लागलेली होती. मी चढलो नाही; मागून कोणी हाक मारेल, असं वाटत होतं. ती गाडी गेली. तिच्यामागची भरली आणि गेली. मग ऊन उतरल्यावर आली तिच्यात बसलो.