न टाकलेली मिलिटरी लीव्ह

अमेरिकेच्या गार्डमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या राखीव हवाई दलात, मालवाहू विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये मी अकरा वर्षं पायलट होतो. मेजर म्हणून बाहेर पडलो. त्याच काळात पोटापाण्यासाठी एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर होतो. नोकरीचा बेस नेवार्क, घर जवळच आयसेलिनला. नागपूरचे नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तू फौजेत आहेस की नोकरीत?" दोन्हीत, असं म्हटलं की त्यांना वाटायचं मी काहीतरी लपवतोय.

गार्डची ड्रिल, म्हणजे सक्तीचं प्रशिक्षण, महिन्यातून एकदा, शनिवार-रविवार. एअरलाइनमध्ये आम्ही ज्युनियर लोक रिझर्व्हवर. म्हणजे ठरलेली फ्लाइट नाही. पहाटे चार ते संध्याकाळी सहा फोन जवळ ठेवायचा आणि वाजला की दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. असे पाच-सहा दिवस सलग, मग दोन-तीन दिवस सुट्टी. ड्रिल रिझर्व्हच्या दिवशी आली तर मिलिटरी लीव्ह टाकायची. कायदा स्पष्ट आहे. कंपनीने ती द्यायचीच. तोंडी कळवलं तरी पुरतं. प्रवासाचा आणि झोपेचा वेळही त्यात धरता येतो.

क्रू रूममध्ये मात्र वेगळंच चालायचं. लीव्ह टाकणारा तो कामचुकार, कारण त्याच्या वाट्याची फ्लाइट दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. म्हणून आम्ही गार्डवाल्यांनी एक रीत पाडून घेतली होती. महिन्याच्या शेड्यूलसाठी पसंती देतानाच ड्रिलचा वीकएंड आपल्या सुट्टीत बसवायचा. आपण सैनिक आहोत हे कंपनीला जाणवूही द्यायचं नाही. या लोटांगणाचा मला अभिमान होता. एकदा एअरलाइनचा चीफ पायलट चार लोकांसमोर म्हणाला, "सगळे मिलिटरीवाले बॉयरसारखे हवेत." माझ्या भोयर आडनावाचा त्याने बॉयर केला होता. मी दुरुस्तसुद्धा केलं नाही, इतकी छाती फुगली होती. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

माझी बायको शलाका जर्सी सिटीत आयटीत आहे. ती एकदा म्हणाली, "अरे, ऑफ डेलाही तू युनिफॉर्ममध्येच. मग झोपतोस कधी?" मी हसण्यावारी नेलं.

फौजी हुद्द्याने कॅप्टन असलेला डॅन केलर आमच्या स्क्वाड्रनमध्ये को-पायलट होता. वय एकतीस. माझ्या डब्यातली लसणाची चटणी पीनट बटरच्या सँडविचमध्ये घालून खायचा आणि वर मलाच सांगायचा की ती अशीच खायची असते. माझ्या शिफारशीनेच तो आमच्या एअरलाइनमध्ये लागला. पहिलं वर्ष प्रोबेशनचं. त्यात कंपनी कारण न देता घरी पाठवू शकते.

त्या वर्षी एका ड्रिलला त्याची एअरक्राफ्ट कमांडर होण्यासाठीची चेकराइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, होती. शनिवार, हजर राहायची वेळ ०७००. गार्डचा बेस त्याच्या घरापासून गाडीने तीन तासांवर. सोमवार ते शुक्रवार तो रिझर्व्हवर होता. बुधवारी त्याचा फोन आला.

"सर, शुक्रवारी मिलिटरी लीव्ह टाकू का? चेकराइडच्या आधी नीट झोपायचंय."

"प्रोबेशनवर आहेस. टाकू नकोस."

"कायद्याने चालतं ना?"

"चालतं. पण नाव खराब होतं. सहाला सुटशील. जेव, झोप, पहाटे साडेतीनला निघ."

"येस सर."

एवढंच बोलणं झालं. मी त्याचं भलंच करतोय, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी १७४० ला क्रू स्केड्युलिंगने, म्हणजे फ्लाइट वाटणाऱ्या टेबलाने, त्याला फोन करून फ्लाइटवर बोलावलं. रिझर्व्ह संपायला वीस मिनिटं होती. एक जाऊन-येऊन फेरी. हवामानामुळे परतायला उशीर झाला आणि झोपेला जेमतेम अडीच तास उरले. नियमात सगळं बसत होतं. कंपनीच्या लेखी शनिवार त्याची सुट्टी होती, आणि सुट्टीत माणूस घरी लोळतो.

शनिवारी ०६३० ला मी गार्डच्या बेसवर ब्रीफिंग रूममध्ये होतो. ०७०० ला डॅन आला नव्हता. तो कधी उशिरा येत नसे. ०७१५ ला त्याला फोन केला, उचलला नाही. ०८२५ ला स्क्वाड्रनच्या कमांडरने मला ऑफिसमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. डॅनची गाडी हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली होती. ब्रेकच्या खुणा नव्हत्या. बेस वीस मैलांवर राहिला होता.

सोमवारी मी रिझर्व्हवर होतो. १००५ ला स्केड्युलिंगचा फोन आला.

"बॉयर, ट्रिप आहे. यादीत तुमच्या आधी असलेल्या रिझर्व्हवाल्याने फोन उचलला नाही. त्याच्या नावावर मिस्ड कॉलचा ठपका लावलाय."

"कोण?"

"केलर."

"तो शनिवारी गेला."

"गेला म्हणजे कुठे?"

मी सांगितलं. डॅनची बायको जेन हिने एचआरला शनिवारीच कळवलं होतं. ते या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. पलीकडची बाई सॉरी म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही बारापर्यंत पोचू शकाल ना?"

अनफिट आहे म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून "येस" निघालं. बॅग उचलली तेव्हा शलाका दारात उभी होती. "तू खरंच जातोयस?" तिने विचारलं. मी मान खाली घालून गेलो आणि डॅनची ट्रिप उडवून आलो. लाज कशी वाटली नाही, हे अजून कळत नाही.

मंगळवारी चीफ पायलटकडे गेलो. मिस्ड कॉलची नोंद त्याने माझ्यासमोर काढून टाकली. मग हळहळत म्हणाला, "त्याने लीव्ह टाकायची ना. आम्ही दिलीच असती."

मला त्या माणसाची किळस आली आणि त्याच्या टेबलासमोर बसलेल्या माझीही, कारण टाकू नको म्हणणारा मीच होतो.

गुरुवारी दफन होतं. कमांडरने मला फ्युनरल ड्यूटीवर लावलं होतं, ध्वज घडी करणाऱ्या सहा जणांत. गुरुवारी माझा रिझर्व्ह होता. मी त्याच भेटीत, चीफ पायलटसमोर, लीव्ह कळवली.

"ऑर्डर्सचा कागद?" चीफ पायलटने विचारलं.

"तोंडी आहेत. कागद नंतर येईल."

"हे जरा पर्सनलच आहे ना? व्हेकेशन डे वापर. तू असं कधी करत नाहीस."

"ड्यूटी आहे. मी विचारत नाहीये, कळवतोय."

दोन मिनिटांपूर्वी "दिलीच असती" म्हणणारा हाच माणूस. अकरा वर्षांत रिझर्व्हच्या दिवसावर टाकलेली माझी ती पहिली मिलिटरी लीव्ह.

गुरुवारी ११०० ला स्क्वाड्रन रांगेत उभी राहिली. फर्स्ट सार्जंटने शेवटची हजेरी घेतली; तीत मृताचंही नाव पुकारायची रीत आहे. तिघांनी "हिअर, फर्स्ट सार्जंट" म्हटलं. मग "कॅप्टन केलर." "कॅप्टन डॅनियल केलर." कुणी उत्तर दिलं नाही. आम्ही ध्वजाची घडी केली. मी तो जेनच्या हातात दिला आणि ठरलेली वाक्यं म्हणालो. ती म्हणाली, "बुधवारी तुमच्याशी बोलल्यावर त्याला फार हलकं वाटलं होतं." तिने ते चांगल्या मनाने सांगितलं. मी सॅल्यूट केला आणि रांगेत परतलो.

गार्डमधून मी नंतर बाहेर पडलो. एअरलाइनमध्ये अजून आहे. नव्या गार्डवाल्यांचे फोन येतात. मागच्या आठवड्यात एका लेफ्टनंट मुलीचा आला.

"सर, ड्रिलच्या आदल्या दिवशी रिझर्व्ह आहे. मी प्रोबेशनवर आहे. सगळे म्हणतात लीव्ह टाकू नकोस."

"मीही एकाला तेच सांगितलं होतं," मी म्हणालो. "कॅप्टन डॅन केलर. एकतीस वर्षांचा होता. चेकराइडला निघाला आणि पोचला नाही."

मी तिला लॅपटॉप उघडायला लावला.

"आत्ता टाक. मी फोनवर थांबतो."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"टाकली, सर."