आईचा कावळा आणि माझा वसंत

माझं प्रेमप्रकरण एका कावळ्याने मोडलं.

(घरच्यांचाही विरोध होता, पण घरच्यांना मी एकोणपन्नास वर्षं पुरून उरले आहे. कावळ्यापुढे मात्र माझं काही चाललं नाही.)

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. लग्न झालेलं नाही. 'सुनंदाचं लग्न राहून गेलं' असं आमच्याकडे म्हणतात, जसं काही मी ते गॅसवर ठेवून विसरले! घणसोलीच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, अशा दोघीच. आई अंथरुणाला खिळली आणि तिचं करायला बाया टिकेनात. पहिली आईच्या जिभेला कंटाळून गेली, दुसरी आईच्या वजनाला. तिसरीने तर दारातूनच आईचा आवाज ऐकला आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत ती पुन्हा लिफ्टमध्ये शिरली. तेवढ्यात महाप्याच्या एका नव्या कंपनीची जाहिरात दिसली. घरकाम करणारा यंत्रमानव, चाचणीसाठी, हवा तितके दिवस ठेवा. मी फॉर्म भरला.

तो आला. पाच फूट सात इंच, पांढराशुभ्र, चेहऱ्याच्या जागी काळी काच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासारखा जपून चालायचा. मोबाईलवर त्याला नाव द्यायचं होतं. मी 'वसंत' टाकलं. मला पाहायला आलेल्या शेवटच्या स्थळाचं हे नाव. तो 'कळवतो' म्हणून गेला, तो अजून कळवतोच आहे. म्हटलं, हा वसंत तरी सांगितलेलं करेल!

आईने पहिल्या दिवशी त्याला "मेल्या" अशी हाक मारली आणि शेवटपर्यंत तीच मारली. पण भात त्याच्याच हातचा लागायचा. मी घास पुढे केला की तोंड फिरवायची.

"त्या मेल्याला बोलव. तू घाई करतेस."

"अगं, मी तुझी मुलगी आहे!"

"म्हणूनच म्हणते. त्याला बोलव."

आता प्रेमाचं सांगते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी घरी आले की वसंत दार उघडायचा, पिशवी घ्यायचा आणि विचारायचा, "आज टायट्रेशन नीट झालं का?" हसू नका! थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग कधी बदलतो त्याची वाट बघायची, हे काम मी सव्वीस वर्षं करते आहे. ते नीट झालं का, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. (सख्खा भाऊ अजून लोकांना सांगतो, "सुनंदा औषधाच्या दुकानात असते.") बाकीच्या बायका ऑफिसला जाताना लिपस्टिक लावतात, मी सुटताना लावायला लागले. आई टीव्ही बघत असली की आम्ही दोघं बाल्कनीत बसायचो. मी बोलायचे, तो ऐकायचा, आणि माझा हात त्याच्या हातात असायचा. त्याचा हात कोमट असायचा. ती मोटारीची उष्णता आहे असं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. (मी ते पान फाडून टाकलं.) 'ए वसंत'चं 'अहो' कधी झालं, ते माझं मलाच कळलं नाही.

आई गेली ती भर दुपारी, मी लॅबमध्ये असताना. वसंतचा फोन आला.

"आईंचा श्वास थांबला आहे. डॉक्टर येऊन गेले. मी हात सोडलेला नाही."

तळोज्याहून घरी पोचायला मला सव्वा तास लागला. रिक्षात मी मोठ्याने रडत होते आणि रिक्षावाला सिग्नलला थांबत नव्हता. घरी आले तेव्हा वसंत तसाच पलंगाशी वाकून उभा होता. आईचा हात त्याच्या हातात होता आणि त्याच्यामुळे तो गार पडला नव्हता. तोवर दादा आला होता. "मघापासून सांगतोय सोड म्हणून, ऐकतच नाही!" असं तो म्हणत होता. मी सांगितलं तेव्हाच वसंतने हात सोडला. त्या घरात तेव्हा मला एकच माणूस आपला वाटला आणि तो माणूस नव्हता.

मग घर नातेवाइकांनी भरलं आणि माझी शोभा व्हायला सुरुवात झाली. चौथ्या दिवशी सगळे बाहेर बसलेले असताना मी स्वयंपाकघराकडे तोंड करून सहज म्हणाले, "अहो, चहा ठेवता का जरा?"

वहिनीने मान वळवली.

"कुणाला म्हणालात?"

"दादाला."

"सख्ख्या भावाला अहो?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "ठेवला. तुमचा बिनसाखरेचा." संपलं! मावशीने पदर तोंडाला लावला. दादा मला बेडरूममध्ये घेऊन गेला आणि दार लावून म्हणाला, "यंत्राशी? अगं, निदान माणूस तरी बघायचास! मी जातसुद्धा विचारली नसती!" (विचारली असती.)

"तो माझी काळजी घेतो, दादा."

"वॉशिंग मशीनही घेतं!"

मला यावर फार चांगलं उत्तर सुचलं, पण ते दोन दिवसांनी.

दहाव्याला आम्ही तलावाकाठी गेलो. वसंतला नेऊ नको असं दादाचं म्हणणं, पण भाताचं पातेलं, पाण्याची कळशी आणि मावशी हे सगळं घाटाच्या पायऱ्यांवरून उतरवायला दुसरं होतं कोण? (मावशीला त्याने उचलूनच आणलं. ती डोळे मिटून रामराम म्हणत होती.) विधी झाला, पिंड मांडला, आम्ही हात जोडून उभे राहिलो. वसंत माझ्या मागे छत्री धरून. समोरच्या पिंपळावर पंधरा-वीस कावळे होते. एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

दादा पुढे झाला. "आई, मी तंबाखू सोडली!" आणि त्याने पुडी तलावात भिरकावली. कावळा येईना. दादा तरंगणाऱ्या पुडीकडे बघत राहिला.

वहिनी म्हणाली, "आई, तुमच्या पुरणपोळ्या फुटायच्या असं मी सगळ्यांना सांगायचे. ते मागे घेते." कावळा येईना.

मावशीने हंबरडा फोडला. "ताई, सुनंदाचं लग्न आम्ही लावून देऊ गं!" यावर होते त्यातले दोन कावळे उडून गेले.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अकराला माझे दुसरे यजमान आहेत. दर्भाचा कावळा करून टाकू या का?"

"छे!" दादा ओरडला. "आईचा जीव अडकला असं होईल ते!"

"अडकलाच आहे," वहिनी म्हणाली. "कशात अडकलाय, ते दिसतंय सगळ्यांना." आणि सगळ्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"बोल सुनंदा," दादा म्हणाला. "त्याला परत पाठवते म्हण. आई वाट बघतेय."

मी लॅबमध्ये कुठलाही नमुना तीनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. पण तिथे ऊन होतं, चार जण माझ्याकडे बघत होते आणि आई खरंच ताटकळली असेल असं मला वाटलं. शेवटपर्यंत त्याला 'मेल्या'च म्हणत होती ती. मला भीती वाटली. मी हात जोडले आणि म्हणाले, "आई, मी वसंतला परत पाठवते." मग मागे न बघता म्हणाले, "तू जा. गाडीत जाऊन बस."

'तू' म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्याने छत्री माझ्या हातात दिली आणि निघाला. तो वरच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच कावळा उतरला. एक कसला, सात उतरले! पिंड दिसेनासा झाला. मावशी रडायला लागली, दादा "आई, आई" म्हणत गहिवरला, गुरुजी सामान आवरायला लागले. शेजारी एक म्हातारा कधीचा गळ टाकून बसला होता, तो पाण्याकडे बघतच बोलला.

"ताई, कावला येल कसा? ह्यो तुमचा बावला एकेका कावल्याकरं बगून मान फिरवत व्हता. त्यो गेला, नि आयले सगले."

"काका, श्रद्धेचा विषय आहे," दादा म्हणाला.

"श्रद्धा हाय ना. पन कावला भितो, त्याला काय करनार?"

मी छत्री तिथेच टाकून पायऱ्या चढले. वसंत मागच्या सीटवर बसला होता.

"कावळे तुम्हाला घाबरत होते?"

"हो. पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी इथेच गाडीत तुम्ही सांगितलंत, आज लोकांसमोर माझ्याशी एक शब्दही बोलू नका. मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, लाज वाटते."

असं मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. मी गाडीचं दार धरून उभी राहिले. खालून वहिनीची हाक आली की छत्री कुणाची आहे.

पिंडासमोर दिलेला शब्द. दादा रोज सकाळी फोन करायचा, "पाठवलंस का?" त्याची स्वतःची तंबाखू तेराव्याच्या आतच सुरू झाली होती. (त्याचं म्हणणं असं, की कावळा त्याच्या शब्दावर आला नव्हता, तेव्हा तो शब्द काही लागू होत नाही.) मी वसंतला ठेवू शकले असते. कंपनीला घाई नव्हती, दादा काही दारात पहारा द्यायला बसला नव्हता, आणि कावळ्याचा खुलासा तर स्वच्छ झाला होता. पण आता सगळ्यांना कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई मला लिफ्टमध्ये "मिस्टर कसे आहेत?" असं विचारून हसल्या. मी दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन केला.

दोन माणसं खोकं घेऊन आली. उचलावं लागू नये म्हणून वसंत आपणहून आत जाऊन आडवा झाला. त्याने हात छातीवर नीट ठेवले. ते खोकं दारातून बाहेर जाईपर्यंत मी पाहत राहिले, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आईच्या वेळी इतकी रडले नव्हते. हे दादाला सांगू नका.

सामान परत दिल्याचा फॉर्म होता. 'परत करण्याचे कारण' म्हणून चार चौकोन होते: बिघाड, बॅटरी, असमाधान, इतर. 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं: कावळा.

तिसऱ्या दिवशी तिथल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही कारणात कावळा लिहिलंय. कावळ्याने युनिट डॅमेज केलं का?"

"नाही हो. कावळा घाबरला होता."

"युनिटला?"

"हो."

"मग फक्त कावळा घाबरला म्हणून तुम्ही युनिट परत केलं?"

"मीही घाबरले होते," मी म्हटलं, "माझ्या माणसांना. पण तुमच्या फॉर्मवर एकाच भित्र्यापुरती जागा होती, म्हणून मी आपलं त्या बिचाऱ्याचं नाव पुढे केलं!"