घरच्यांचा वेळ

मॅडम गेल्या. विद्यापीठातून घरी आल्या, बूट काढायला खुर्चीत बसल्या आणि तिथेच गेल्या. हे वाक्य मला अजून नीट लिहिता येत नाही.

आरोग्याचं अर्थशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. कोणत्या उपचारावर सरकारने किती खर्च करावा आणि त्यातून माणसाच्या पदरात काय पडतं, हे मोजणारं शास्त्र. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘दशांश’ म्हणत, कारण पूर्णांकावर त्यांचं कधी भागत नसे. त्यांना ते ठाऊक होतं. “दशांश दोन स्थळांपर्यंत की तीन?” असं एकदा त्यांनी भर वर्गात विचारलं होतं.

मी साहित्याची पदवीधर. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची भाषा तपासायचं काम मला मिळालं होतं. “व्याकरणापुरतं बघ. गणितात नाक खुपसू नकोस,” असं पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत मला गणितच समजावत बसल्या.

पुस्तकाचं सातवं प्रकरण म्हणजे त्यांचं गाजलेलं संशोधन. पक्षाघाताच्या रुग्णाला इस्पितळात जास्त दिवस ठेवण्यापेक्षा आठवड्याभरात घरी पाठवलं, तर खर्च निम्म्यावर येतो आणि रुग्ण तितकाच सुधारतो, असं त्यात दाखवलं होतं. काही इस्पितळांनी तसं सुरूही केलं होतं. आता सगळ्याच सरकारी इस्पितळांना तो नियम लावायचा होता. त्यासाठी नेमलेल्या समितीवर मॅडम होत्या.

त्यांची आई त्याच आजाराने अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं मॅडमची धाकटी बहीण करायची. ती पूर्वी एका वास्तुरचनाकाराकडे नकाशे काढायची. आईसाठी तिने नोकरी सोडली. पुढे तिचाच मणका दुखावला आणि ऑपरेशनसाठी ती इस्पितळात गेली. मॅडमनी रजा घेतली. छपाईपूर्वीची पानं घेऊन मी त्यांच्या घरी जाऊ लागले.

आईंना कुशीवर वळवणं, भरवणं, पाठ पुसणं, पुन्हा वळवणं. मॅडमना यातलं काही जमत नव्हतं. एकदा चादर बदलताना आई पलंगाच्या कडेला घसरल्या.

“अगं धर! बघत काय बसलीस? कविता आहे का ही?” मॅडम ओरडल्या.

दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. मॅडम धापा टाकत जमिनीवर बसल्या. मग हात पुढे करून त्यांनी सातवं प्रकरण मागितलं. खर्चाच्या तक्त्यात एक ओळ होती, ‘घरच्यांचा वेळ’. तिच्यापुढे शून्य होतं.

“तेव्हा सगळेच असं धरायचे का?” मी विचारलं.

“सगळे नाही. पण मला सोयीचं होतं.”

“आई तेव्हा...”

“आजारी होती. धाकटीनं नोकरी सोडली होती. मी रोज बघत होते गं. आणि शून्य लिहीत होते.”

बहीण घरी आल्यावर मॅडमनी तिला सरळ विचारलं, तुझ्या वेळेची किंमत कशी मांडू? अशा वेळेची किंमत दोन तऱ्हांनी धरतात. पगारी बाई ठेवली असती तर तिला काय द्यावं लागलं असतं, किंवा घरच्या माणसाने सोडलेल्या नोकरीत काय मिळालं असतं.

“आईच्या हगण्यामुतण्याचा हिशेब मांडतेस, ताई?” बहीण उसळली. “लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणूनच विचारतेय.”

बहिणीने उशीच्या अभ्र्याची घडी घातली आणि म्हणाली, “मांडायचाच तर पगारी बाईच्या भावाने नको मांडूस. माझ्या पगाराने मांड. मला नकाशे यायचे.”

मॅडमनी जुन्या अभ्यासातल्या कुटुंबांशी पुन्हा संपर्क साधला. जी सापडली त्यांच्याकडून माहिती घेतली आणि सगळं गणित नव्याने केलं. बचत उरली नाही. काही घरांत तर इस्पितळापेक्षा जास्त खर्च निघाला. प्रकाशकाला त्यांनी छपाई थांबवायला सांगितलं आणि समितीपुढे उभ्या राहिल्या. कागद धरायला मी सोबत होते.

“तुमच्याच आकड्यांवर आम्ही इथवर आलो,” अध्यक्ष म्हणाले. “आता तुम्हीच पाय मागे घेताय?”

“हो साहेब. पुढे टाकला तेव्हा पायाखाली कोण आहे ते बघितलं नव्हतं.”

“लोक हसतील मॅडम. उभ्या आयुष्याचं काम आहे तुमचं.”

“हसू देत. नियम तेवढा थांबवा.”

निर्णय यायच्या आधी त्या गेल्या.

काल समितीचं उत्तर मॅडमच्या फोनवर आलं. बहिणीने फोन माझ्या हातात दिला. सरकारी भाषा तिला कळेना. मी दोनदा वाचलं.

“सरसकट नियम लावणार नाहीत,” मी म्हणाले. “पेशंटला घरी पाठवण्याआधी घरी बघणारं कोणी आहे का, ते विचारणार.”

“असतंच की कोणीतरी,” ती म्हणाली. “तिला विचारणार आहेत का?”

मी पुन्हा वाचलं. तसं त्यात कुठेच नव्हतं. आतून आईंनी हाक मारली. बहीण कमरेवर हात ठेवून उठली.

समितीला पत्र लिहायला मी मॅडमच्याच टेबलाशी बसले आहे.